नंबर तोच

नव्या नंबरप्लेटसाठी मी रांगेत कुरकुरत उभा होतो. पुढची मुलगी अपघातानंतर पहिल्यांदाच बाहेर काढलेली स्कूटर ढकलत घेऊन आली होती. तिची आई मागून रिक्षाने आली.

फिटरने दुमडलेली जुनी प्लेट उतरवली. आई म्हणाली, "नंबरपण बदला की हो. हा काही लाभला नाही."

"काकू, पत्रा नवा, नंबर तोच," तो हसला.

मला बरं वाटलं. पोचे पडले म्हणून माणूस थोडंच दुसरं कुणी होतं!

मुलीने हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. पण ब्रेक काही सोडेना. आईने ते पाहिलं, थांबवून ठेवलेल्या रिक्षावाल्याला म्हणाली, "तुम्ही जा, दादा," आणि पदर खोचून मुलीच्या मागे बसली.