अण्णांच्या व्हॅनचा पत्रा

माझ्या सासरी कुणी कशाला हात लावला की त्याचा किस्सा होतो. ते लोक स्वतः कधी सांगत नाहीत, कारण ते सगळे त्यातच अडकलेले असतात. मी जावई, म्हणजे थोडा बाहेरचा, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं. आता इतके साठलेत की रविवारी शेलूला घरी परतलो की बिल्डिंगखालच्या बाकावरचे मित्र विचारतात, "आज काय झालं व्हॅनचं?"

व्हॅन माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून ते रिटायर झाले, जवळच्या गावातच घर आहे. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा पनवेलला डायलिसिस. जाताना माणूस गप्पा मारत जातो, येताना त्याला धरून घरात आणावं लागतं, त्यामुळे एसटी-बिसटीचा प्रश्नच नाही. गाडीला पंधरा वर्षं झाली, आता आरटीओकडून परत पासिंग करून घ्यायचं होतं आणि खालच्या पत्र्याची गंजून चाळण झालेली. गॅरेजवाला म्हणाला, "महिनाभर ठेवून जा." महिनाभर गाडी तिथे ठेवली तर अण्णा जाणार कशात? म्हणून घरीच, अंगणात, दर रविवारी काम काढलं. कामाला दोघं, माझा मेहुणा संतोष आणि मी.

*

सुरुवात अधिक महिन्यात झाली. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, यंदा चांदीचं निरांजन मिळणार असं ऑफिसात सांगूनसुद्धा ठेवलेलं.

पाट, रांगोळी, औक्षण सगळं रीतसर झालं. सासूबाईंनी ताट पुढे केलं. अनारसे होते, दिवा होता, आणि शेजारी रुमालाखाली काहीतरी जड. मी रुमाल उचलला. ग्राइंडर! नवाकोरा, वर हळदकुंकू वाहिलेलं.

वैशाली बघतच राहिली. अण्णा अगदी गंभीरपणे म्हणाले, "वायर लांब घेतलीय जावईबापू. मागच्या चाकापर्यंत पोचती."

त्याच दुपारी मी सासरच्या नव्या पँटमध्ये गंज घासायला बसलो. ठिणग्यांनी पँटची पार जाळी झाली.

*

कुठला पत्रा गंजाने किती खाल्लाय ते आधी बघायचं होतं. अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून स्क्रूड्रायव्हर टोचत होते. वरून रंग चांगला दिसायचा, टोचलं की आरपार. पुढच्या सीटखालचा, म्हणजे त्यांच्याच पायाखालचा पत्रा तर पापडासारखा तुटून अंगणात पडला. संतोषला ते बघवेना.

"अण्णा, हळू टोचा की."

अण्णांनी सुयांनी फुगलेला डावा हात त्याच्यासमोर धरला. "हितं टोचतात तवा कोण म्हणतं रं हळू?"

संतोष उठून पाणी प्यायला आत गेला.

*

संतोष खोपोलीच्या कारखान्यात फिटर आहे, बहुतेक रात्रपाळीच असते. सकाळी घरी येतो, थोडा आडवा होतो आणि अण्णांना पनवेलला घेऊन जातो. एका रविवारी तो इतका दमलेला होता की मागच्या चाकावरचं मोठं भोक त्याने वेल्डिंग न करता फायबरची जाळी आणि पुट्टी लावून बुजवलं. घासलं, वरून रंग मारला. मलासुद्धा ओळखू आलं नाही.

संध्याकाळी अण्णा जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन आले आणि गाडीवरून फिरवायला लागले. दारावर चिकटलं, काचेखाली चिकटलं. चाकावर आलं आणि टपकन खाली पडलं.

"हितं गाडी नाय," अण्णा म्हणाले.

"पासिंगवाला चुंबक घेऊन येत नाय अण्णा!"

"पासिंगवाला बसणार नाय हिच्यात. मी बसणार हाय."

संतोषचा तोल गेला. मी मरमर मरतो, झोप नाही, सुट्टी नाही, आणि तुम्ही पोराची परीक्षा घेता, असं बरंच काही बोलला. ते चुंबक उचलून त्याने जीव खाऊन फेकलं. ते पुढच्या दारावर जाऊन खाडकन चिकटलं.

अण्णा दाराकडे बघत म्हणाले, "त्यो पत्रा चांगला हाय."

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. संतोष दाराला टेकून खाली बसला. पुढच्या रविवारी त्याने ती सगळी पुट्टी उकरून काढली आणि पत्रा वेल्ड केला.

*

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. आई, म्हणजे सासूबाई, अण्णांचं दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवतात. उन्हाळ्यात ती दुपारीच संपते. मग ते तोंडात बर्फाचा खडा धरून बसतात.

अशाच एका रविवारी आम्ही घासलेला पत्रा धुवायला पाइप लावलेला. अण्णा म्हणाले, "आणा हिकडं, मी धुतो. तुमी जेवून घ्या." त्यांनी आपणहून काम मागितलं म्हणून आम्हाला बरंच वाटलं. आम्ही आत जाऊन जेवलो.

तासाभरात त्यांना श्वास घेता येईना. पाय सुजले, ओठ काळे पडायला लागले. गाडीत घातलं. पुढच्या सीटखाली अजून पत्रा नव्हता. आई मधल्या सीटवर त्यांना छातीशी धरून बसलेली, मी पुढे संतोषच्या शेजारी मांडी घालून. खालून चौक गावाजवळचा रस्ता सळसळत पळताना दिसत होता. इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

मशीन लागलं, अण्णा जरा माणसात आले. तरुण डॉक्टर चिडून विचारत होता, "बाबा, केलंत काय तुम्ही?"

"गाडी धुतली."

"मग?"

"उरलं ते प्यालो."

*

दसऱ्याला आई हार, हळदकुंकू आणि नारळ घेऊन गाडीच्या पूजेला आल्या. मी जाणकाराच्या थाटात सांगितलं, "आई, नारळ नको. इतकी वर्षं बंपरवर नारळ फोडलेत, ते पाणी आत झिरपलंय. सगळ्यात जास्त गंज तिथेच निघाला." संतोषनेही मान डोलावली.

आईंनी ऐकून घेतलं. हार घातला, कुंकू लावलं. मग खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे एकदा बघितलं आणि बंपरवरच नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "नारळ काय गाडीसाठी फोडतात व्हय?"

मी गपचूप फडकं घेऊन बंपर पुसला.

*

आता पासिंग तोंडावर आलं होतं. पुढचा पत्रा झाला, चाकांवरचा झाला. मागच्या भागात कुणी बसत नाही, तिथे नुसता रंग मारून मोकळं व्हायचं असं आम्ही ठरवलं.

अण्णा म्हणाले, "मागं जाड पत्रा टाका. अख्खा. मधली सीट काढून."

"मागं कोण बसतंय अण्णा?" संतोषने विचारलं.

"टाका म्हणतो ना."

आजाराने माणूस हट्टी होतो, म्हणून आम्ही वाद घातला नाही. दोन रविवार घालवून मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत सलग पत्रा वेल्ड केला. मागचं दार वर उचललं आणि अण्णांना बघायला बोलावलं.

त्यांनी चुंबक आणलं नव्हतं. मुठीने दोन-चार ठिकाणी ठोकून बघितलं. मग चपला काढल्या, माझ्या खांद्याला धरून मागून आत चढले आणि पत्र्यावर उताणे झोपले. चक्कर आली असेल म्हणून मी आत वाकलो.

"काय नाय. थांबा. शेवटचं पनवेलहून आडवाच येणार हाय मी."

तेवढ्यात आई चहा घेऊन आल्या. त्या गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. अण्णा गुडघे दुमडून, डोळे मिटून पडलेले. संतोषच्या हातात रंगाचा ब्रश तसाच होता. आईंनी ट्रे खुर्चीवर ठेवला, पदराला हात पुसले.

"पाय सरळ करा," त्या म्हणाल्या. "बघू मावतात का."

अण्णांनी पाय सरळ केले. टाचा बाहेर आल्या.

"संतोष, पुढची सीट सरकव रं जरा."

संतोष जागचा हलला नाही. मीच जाऊन सीट पुढे सरकवली. अण्णा कोपरांवर जोर देऊन वर सरकले. आईंनी त्यांचा पायजमा घोट्यापर्यंत नीट केला, वर हात करून मागचं दार धरलं आणि सावकाश खाली ओढलं.

आतून अण्णांचा आवाज आला, "लागलं का गं?"

"लागलं," आई म्हणाल्या.

"मग मारा आता रंग."