पोटातलं पाणी

"बस आधी. मग बोल."

समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मावशी पलंगाची कड हातानं झाडायच्या आणि हे म्हणायच्या. डॉक्टर असोत की झाडू मारणारी बाई, सगळ्यांना तेच. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आजारी स्वतः, आणि पाहुणचार आल्यागेल्याचा.

मी चिंचवडच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करते. मावशींना अंडाशयाचा कॅन्सर होता. पोटात सारखं पाणी साठायचं. ते काढलं की त्यातलं थोडं आम्हाला संशोधनासाठी हवं होतं. त्यांची परवानगी घ्यायला मी गेले, ती आमची पहिली भेट.

त्या मूळच्या मोशीच्या. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत त्या राहायच्या. पोट फुगलं तेव्हा महिनोन् महिने त्यांनी गॅस समजून ओवा खाल्ला.

"सोसायटीतल्या बाया इचारायच्या, कितवा महिना?" त्या हसत सांगायच्या. "म्या म्हणलं, मोशीत समद्यांकडं टँकर बाहेरून येतो, माझ्या आतच आलाय."

त्या पहिल्या भेटीत मात्र हसल्या नाहीत. "काय शोधता गं त्या पाण्यात?"

मी जमेल तसं सांगितलं. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या एकमेकींना निरोप धाडतात, बारीक बारीक प्रथिनांमधून. एक निरोप म्हणतो, धावून या. दुसरा म्हणतो, पुरे, थांबा. या आजारात गाठ 'थांबा'चाच निरोप पसरवत राहते. लढणाऱ्या पेशी जवळ असूनही गप्प बसतात. ते निरोप आम्ही त्या पाण्यात मोजतो.

"म्हंजी माझीच माणसं फितूर झाली?"

"फितूर नाही मावशी. फसलीत."

त्यांनी आपल्या पोटाकडं पाहिलं. मग त्यावरून हळूच हात फिरवला. "लई शिव्या घातल्या गं ह्याला."

तेवढ्यात त्यांची मुलगी आली. चाकणच्या एका कंपनीत कामाला होती ती, फर्स्ट शिफ्ट संपवून गणवेशातच आलेली. माझ्या हातातल्या नळ्या बघून थबकली.

"याचा आईला काय उपयोग?"

खोटं बोलणं सोपं होतं. "त्यांना नाही होणार," मी म्हटलं. "पुढच्या कुणाला तरी कदाचित."

"मग नको. टोचून टोचून चाळण केलीय तिची."

"पाणी तर काढनारच हायेत," मावशी म्हणाल्या. "मोरीत वतन्यापरीस हिला दिलेलं काय वाईट?" आणि सही केली. मुलगी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर मी दिसले की त्यांचा प्रश्न ठरलेला. "घावला का गं निरोप?"

"अजून नाही."

"शोधा, शोधा. घाई न्हाई. म्हंजी मला हाय, पर तुमी नका करू."

पाणी दर खेपेला लवकर साठू लागलं. शेवटी शेवटी बोलताना त्यांना धाप लागायची, मग त्या नुसत्याच भुवया उंचावून विचारायच्या. मी नकारार्थी मान हलवायची. एके दिवशी खाली वॉर्डात गेले, तर त्यांच्या रिकाम्या पलंगावर नवी चादर घातलेली होती.

काही महिन्यांनी मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी आली. गणवेशातच. "आईचं ते पाणी... अजून आहे का?"

"आहे. गोठवून ठेवलंय."

मी तिला मोठ्या फ्रीजरपाशी नेलं. "यातलं आईचं कुठलं?"

"नळीवर नाव नसतं. नुसता क्रमांक असतो. आणि दार असं उघडता येत नाही, बाकीचे नमुने खराब होतात."

तिनं मान डोलावली. "उपयोग नाही म्हणालात ना, त्याचा फार राग आला होता मला," ती म्हणाली. "बाकी सगळे बरी होईल म्हणत होते."

तिनं फ्रीजरच्या दारावर तळवा टेकवला.

"गार लागत नाही, ताई."

"बाहेरून नाही लागत."

तरी तिनं हात काढला नाही.