खालाची खाण

खालाला राग आला की ती आहे तिथंच बसून घ्यायची. दारात, रस्त्यात, एसटीच्या थांब्यावर. समोरच्याला सांगायची, "आता माझं बोलून हुईस्तवर हलायचं न्हाई." मी वाईहून पाटणजवळच्या त्या गावात विज्ञानाची शिक्षिका म्हणून आले, तेव्हा तिच्याच घरात खोली घेतली होती. सगळं गाव तिला खाला म्हणायचं, म्हणून मीही.

तिचा बराचसा राग गावामागच्या बंद खाणीपायी खर्च व्हायचा. तिचा नवरा तिथं दगड फोडायचा. छातीत दगडाची धूळ साठून तो गेला. पुढं खाणही बंद पडली आणि उघडा काळा कातळ उरला. खालानं तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि शेळ्या घेऊन येणाऱ्यांना शिव्या घालत वीस वर्षं ती जागा राखली. जमीन सरकारी होती. तिला राखण कुणी सांगितली नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी शाळेची मुलं आणि रोपं घेऊन तिथं गेले. खाला वाटेतच बसली.

"बाई, माती कुठं हाय तिथं? झाड मुळं कशात घालंल?"

मग आम्हाला आत नेऊन तिनं कातळावरचं दगडफूल दाखवलं. "मसाल्यात घालता न्हवं? ह्येच पयलं आलं. ह्यानं दगड खाल्ला, तवा शेवाळ धरलं. शेवाळात धूळ अडली, तवा गवत आलं. ते गवत किती साल उगवून मेलं, तवा ही करवंदं." करवंदीच्या जाळीत हात घालून, कोपरापर्यंत ओरबाडून घेत, तिनं वीतभर जांभळाचं रोप दाखवलं. पाखरांनी टाकलेल्या बीचं. काट्यांमुळं त्याला शेळीचं तोंड लागलं नव्हतं. "ज्येची पाळी आली त्येच येतं. आपुन मधी जायचं न्हाई." उघड्या दगडापासून जंगलापर्यंतच्या टप्प्यांची जी आकृती मी फळ्यावर काढून मुलांकडून पाठ करून घ्यायचे, तिच्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले.

जांभूळ माझ्या डोक्याच्या वर गेलं, त्या वर्षी तालुक्याहून वृक्षलागवडीचा कार्यक्रम आला. खाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला लेकीकडं गेली होती. सकाळी जेसीबीनं खाण "साफ" केली. करवंदी, धायटी, जांभूळ, खालची बोटभर माती, सगळं एका ढिगात. दुपारी खड्डे, गुलमोहराची रोपं, फोटो. मुलांना रांगेत उभं करून घोषणा मीच द्यायला लावल्या. वरून आदेश होता, असं मी स्वतःला अजून सांगते आणि अजून मला स्वतःची किळस येते.

खाला काळा चष्मा लावून परतली, ती थेट खाणीवर. त्या दिवशी ती बसली नाही.

"बाई, तुमी हुता हितं?"

"होते."

"मग बोलला न्हाई?"



ग्रामसभेत सरपंच समजुतीनं म्हणाले, "आवं खाला, झुडपंच व्हती ती. आता झाडं लावलीत न्हवं?"

"झुडपाच्या पोटात झाड व्हतं," खाला म्हणाली. "पोटुशी बाई मारलीसा, आन् वर पाळणा सजवून आणलाय."

सरपंचांनी पुढचा विषय पुकारला. 

उन्हाळ्यात सगळी रोपं वाळून गेली. कातळात खोदलेल्या खड्ड्यांत पाणीच टिकेना. खाला कायमची कराडला निघाली. खोलीची किल्ली मी पुढं केली, तर "ऱ्हाऊ द्या" एवढंच म्हणाली, माझ्याकडं न बघता. मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात ती वारल्याचं कळलं. लगेचच्या ग्रामसभेत सरपंचांनी सुचवलं, खाणीत पुन्हा जेसीबी लावू, बाग करू, बागेला खालाचं नाव देऊ. टाळ्या वाजल्या.  मी उठले. "नाव नको आणि बागही नको. तिथं कुणी पाय ठेवायचा नाही, असा ठराव करा."

"आता तिथं कातळाबिगार हाय काय, बाई?" सरपंच हसले.

"म्हणूनच. आता पाळी दगडफुलाची."

ग्रामसेवकापुढची वही मी ओढून घेतली, ठराव माझ्या अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि पेन सरपंचांच्या हातात दिलं.