दुधाला गेलेले मामा

दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मोठ्या माणसांचं अप्रूप राहत नाही. लाल दिव्यांच्या ताफ्यातली माणसं पाहिली, टीव्हीवर घसा फोडणारी पाहिली, एकदोघांबरोबर तर लग्नाच्या पंगतीत पनीरही खाल्लं. पण ज्याच्यापुढे माझी मान आपोआप लवते असा माणूस मला उभ्या एनसीआरमध्ये एकच भेटला, आणि तो रोज सकाळी सहाच्या ठोक्याला हातात दुधाची किटली घेऊन नोएडातल्या एका सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडतो. हे माझ्या बायकोचे मामा. ऐंशीला टेकलेले, काडीसारखे, कानटोपीतले. दूध आता पिशवीतून घरपोच येतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना ते मान्य नाही, एवढंच.

मामा दुधाला जातात तो सोहळा एकदा तरी पाहावा असा असतो. लंडनला निघालेली माणसंसुद्धा इतका निरोप घेत नाहीत. आधी मामींना किल्ल्या कुठे आहेत ते सांगायचं, मग गॅसचं पुस्तक, मग विजेचं बिल. मग दारात उभं राहून, मामींच्या डोळ्यांत पाहून, "येतो" म्हणायचं. मामींनी "या" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मामी आत पीठ मळत असल्या आणि "या" म्हणायला उशीर झाला, तर लिफ्ट खोळंबते, लिफ्टमधली शाळेची पोरं खोळंबतात, पण मामा हलत नाहीत. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा नवा जावई होतो. दूध कुठून आणतात, मथुरेहून का, असं मी बायकोला विचारलं. ती हसली नाही.

गोष्ट अशी, की मामा एकदा "येतो" न म्हणता दुधाला गेले होते. पंच्याहत्तर सालचा जून. मामी केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दोघं दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मामींच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मामा एका छापखान्यात मुद्रितं तपासत. लग्नाला सहा महिने झालेले. दुधाला कोणी जायचं यावरून सकाळी सकाळी जुंपली होती. रेडिओवर आणीबाणीची घोषणा चालली होती. "देशात आणीबाणी लागत होती," मामा सांगतात, "आणि आम्ही आमचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बारीक केला." मग किटली उचलून, एक शब्द न बोलता, वाचायचा चष्मासुद्धा न घेता ते तरातरा निघाले. दूधकेंद्राच्या रांगेत दोघे साध्या कपड्यांतले आले. "चलो, दो मिनट का काम है." मामा परत आले ते एकोणीस महिन्यांनी.

का नेलं, ते मामांना आजही माहीत नाही. "कारण सांगायला ते बांधील नव्हते. कायदाच तसा होता," असं ते इतक्या शांतपणे सांगतात की राग आपल्यालाच येतो. सुटण्याच्या दिवशी जेलच्या कोठीत जमा असलेली किटली सही करून परत मिळाली. जानेवारीची थंडी होती. मामांनी ती रस्त्यावरच्या नळाखाली घासघासून धुतली, दूधकेंद्राच्या रांगेत पुन्हा उभे राहिले, दूध घेतलं आणि घरची कडी वाजवली. मामींनी दार उघडलं, किटली हातातून घेतली आणि म्हणाल्या, "किती वेळ लावलात!" मग चहा ठेवला. त्यापुढचं दोघंही सांगत नाहीत.

तेव्हापासून मामा तयार आहेत. दारामागे एक खादीची पिशवी कायम टांगलेली असते. तीत दोन जोड कपडे, वाचायचा चष्मा, पत्त्यांचा कॅट, पेन्सिल, स्वतःचा पत्ता घातलेली कोरी पोस्टकार्डं आणि मेतकुटाची बरणी. आणीबाणीला संसदेची मंजुरी दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावी लागते, म्हणून मेतकूटही दर सहा महिन्यांनी बदलतात. जुनं मेतकूट आम्हाला मिळतं. चवीला चांगलं असतं.

राज्यघटनेचं कलम तीनशे बावन्न मामांना रामरक्षेसारखं पाठ आहे. नांदेड-बीडकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं रविवारी त्यांच्याकडे येतात. पोहे खातात आणि आणीबाणी शिकतात. पूर्वी नुसत्या अंतर्गत अशांततेवर जाहीर करता येत होती, आता सशस्त्र उठावच लागतो; पूर्वी तोंडी चाललं, आता मंत्रिमंडळाचं लेखी हवं. एका मुलीने एकदा विचारलं, "पण काका, तुमच्या वेळी एक्झॅक्टली झालं काय?" मामा म्हणाले, "दूध नासलं." मुलीने ते वहीत उतरवून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

'लेखी' या शब्दावर मामांचा जीव. घरात त्यांनी कायदाच केला आहे, की या घरात आणीबाणी तोंडी जाहीर होणार नाही. फ्रीजवर चिठ्ठ्यांचं पॅड अडकवलेलं आहे. सोसायटीची मोटर जळली तेव्हा सेक्रेटरी धावत आला, "अंकल जी, इमर्जन्सी हो गई!" मामांनी विचारलं, "कमिटी की लिखित सिफारिश है?" तो म्हणाला, "अरे, पानी नहीं आ रहा, बस!" "तो लिखिए, पानी नहीं आ रहा. इमर्जन्सी बड़ी चीज होती है." मामींनी मात्र इतक्या वर्षांत एकदाही ते पॅड वापरलं नव्हतं. कुकर फुटला, पाय मुरगळला, पोरगी परदेशी गेली, तरी नाही.

दर जानेवारीत इथल्या मराठी मंडळींची बस पानिपतला, लढाईच्या जागी 'काला अंब' नावाचं स्मारक आहे तिथे जाते. मामा पिशवीसकट येतात. गेल्या वर्षी सगळे स्मारकाशी फोटो काढत होते आणि मामा लांब हिवाळी उन्हात एकटेच उभे होते. मी जवळ गेलो. "एवढी माणसं," ते म्हणाले, "घरून निघताना सगळी 'येतो'च म्हणाली असणार." मी तिथे अनेकदा गेलो आहे, भाषणंही ऐकली आहेत. पानिपत मला त्या दिवशी कळलं.

या मार्चमध्ये एका सकाळी मामांचा फोन आला. "नीट ऐक, वाचून दाखवतो," म्हणाले. दूध घेऊन घरी आले तर दाराला कुलूप, शेजारणीकडे किल्ली, आणि फ्रीजवर मामींच्या अक्षरात चिठ्ठी. "आणीबाणी जाहीर करते. छातीत फार दुखते आहे. समोरच्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात जात आहे. गॅस बंद केला आहे. येते." खाली सही आणि वेळ, सहा वाजून वीस मिनिटं; मामींचा जन्मच सरकारी फायलींत गेलेला. फोनवर मामांचा आवाज जराही हलला नाही. मी मात्र अंगावरच्या कपड्यांनिशीच गाडी काढली.

हॉस्पिटलात पोचलो तर मामा आयसीयूच्या दारात, हातात दुधाने भरलेली किटली. घाईत तशीच आणलेली. गार्ड म्हणाला, "बाबूजी, ये अंदर नहीं जाएगा. जमा करा दीजिए." मामांचा चेहरा एकदम पंच्याहत्तर सालचा झाला. "जमा नहीं होगी," ते म्हणाले, आणि किटली माझ्या हातात दिली. "तू धर. खाली ठेवू नकोस." मी दिवसभर ती धरून बसलो. संध्याकाळकडे ते माझ्या शेजारी टेकले आणि काचेच्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "कलम एकवीस. जगण्याचा हक्क. आता आणीबाणीतसुद्धा तो कुणाला स्थगित करता येत नाही. आमच्या वेळी येत होता." मग माझा हात घट्ट धरून विचारलं, "नाही ना करता येत?" घटना मला कुठे येते! मी म्हटलं, "बिल्कुल नाही, मामा."

बाराव्या दिवशी मामींना घरी सोडलं. आणायला मी गेलो, कारण मामांना घरी थांबायचं होतं. बेल वाजवली. मामांनी दार उघडलं, मामींच्या हातातली औषधांची पिशवी घेतली आणि म्हणाले, "किती वेळ लावलास!" आत चहा उकळत होता. फ्रीजवरच्या चिठ्ठीखाली मामांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "घोषणा मागे." मामींनी चष्मा लावून ते वाचलं, तारीख राहिली म्हणाल्या आणि स्वतःच घातली.

मामी आता हळू चालतात, बोलतात तर त्याहूनही हळू. मामांना रोज दारात "या"साठी पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभं राहावं लागतं, आणि ते राहतात. परवा मी गेलो तेव्हा चपला काढताना सवयीने दारामागे नजर गेली. मामांच्या पिशवीशेजारी तशीच दुसरी टांगलेली होती. आत बायकी शाल, मामींचा जादा चष्मा, दोन लुगडी दिसत होती. मी मामांकडे पाहिलं.

"आता एकटं कुणी जायचं नाही," ते म्हणाले, आणि मेतकुटाची बरणी दाखवली. या वेळी मोठी घेतली होती.