चालू मशीनला हार

वाल्मिकला आता सगळं गाव शेठ म्हणतं. मी म्हणत नाही. ज्याच्याबरोबर ओढ्यात खेकडे धरले त्याला शेठ म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि तो शेठ कसा झाला हे ठाऊक असल्यामुळे तर मुळीच वळत नाही.

त्याचा बाप गजा हा कूळ. जमीन पनवेलच्या सावकाराची, घाम गजाचा. कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिलेला गजा स्वतःच्या बांधावर बसून बिडी ओढू लागला. “आता आपल्याला कोन हाकलनार नाय,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पुढे कुंभिवलीच्या बाजूला हायवेलगत कागदाची कंपनी आली आणि तिला नेमका तोच भाताचा पट्टा आवडला. घरटी एकाला नोकरी मिळणार होती. गजा रडला. वाल्मिक नाही रडला. तो मला म्हणाला, “शेतात बा सांगंल ते करायचं, कंपनीत भोंगा सांगंल ते. भोंगा निदान आईवरून शिव्या देत नाय.”

मी त्याच कंपनीत बॉयलरवर होतो. तेव्हा बारा तासांची पाळी असायची. युनियन उभी राहिली ती वाल्मिकच्या तोंडावर. बोलायला लागला की माणसं हातातला चहा गार करत. आमच्या मागण्यांत आठ तासांची पाळी होती, कंपनीच्या चुकीने हातपाय गेला तर त्या माणसाला जन्मभर पर्मनंट नोकरी होती, आणि खंडेनवमीला मशीन बंद हवी होती. वर्षभर जी मशीन आपल्याला राबवते तिला एक दिवस पुसायची, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा. पूजा चुकली तर वर्षाच्या आत मशीन माणूस घेते, असं आम्ही मानायचो. अजूनही मानतो. मॅनेजर हसला तेव्हा वाल्मिक म्हणाला, “तुमाला हसू येतंय सायेब, रोलरात हात आमचा जातो.”

आम्ही गेटवर बसलो, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि जिंकलो. त्या खंडेनवमीला वाल्मिकने स्वतः मेन स्विच खाली ओढला. एवढा मोठा कारखाना गप्प झाला आणि मोठा साहेब बूट काढून आमच्याबरोबर हात जोडून उभा राहिला. मला रडू फुटलं. आपण राजे झालो असं मला खरंच वाटलं होतं.

राज्य फार टिकलं नाही. मालक बदलले. पर्मनंट माणसांना स्वेच्छेने घरी पाठवलं, म्हणजे इच्छा त्यांची आणि घर आमचं. आता सगळं काम ठेक्यावर. ठेक्यासाठी गावोगावची माणसं आणणारा कोणीतरी लागतो, आणि कुणाचा नवरा पितो, कुणाची पोर बारावी होऊन घरी बसलीय, कुणाच्या घरात कमावतं कोणी उरलं नाही हे वाल्मिकइतकं कुणाला ठाऊक? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आठ तासांसाठी ज्याने डोकं फोडून घेतलं त्यानेच बारा तासांची ड्युटी परत आणली. मी एकदा तोंडावर विचारलं. म्हणाला, “तवा मी कामगार होतो रं. आता लायसन माज्या नावावर हाय.”

त्याच्या ठेक्यात आमच्या शेजारच्या जिजाची थोरली पोर होती, ऋतिका. जिजाचा नवरा कधीच गेलेला. धाकटी आरोही पनवेलला नर्सिंग शिकत होती, ती ऋतिकाच्या जिवावर. कंपनी ठेक्यातल्या काही जणांना पर्मनंट करणार अशी बोलवा होती आणि वाल्मिकने ऋतिकाला शब्द दिला होता. त्या शब्दावर ती पोर तापातसुद्धा कामाला गेली.

यंदाच्या खंडेनवमीला मोठी ऑर्डर चालू होती. वरून हुकूम आला की मशीन बंद होणार नाही. पण पूजा चुकवायची कुणाची छाती नव्हती. साहेबालाही नको होतं, बायका तर कामालाच उभ्या राहिल्या नसत्या. तेव्हा वाल्मिकने अक्कल लढवली: चालू मशीनलाच हार घालायचा. “देवळातला देव काय आरतीला बंद ठेवतात काय?” म्हणाला. सगळे हसले. हाराचा मान ऋतिकाला दिला. बाईमाणसाला हा मान पहिल्यांदाच. पोरगी हरखून गेली. “शेठ म्हणाले साडी नेस,” असं सांगत आईची हिरवी साडी नेसून गेली.

पुढचं मला सोनुबाईने सांगितलं. ती त्याच मशीनवर होती. ऋतिकाने लांबूनच हार टाकला, तो वाकडा अडकला. वाल्मिक मोबाइल धरून समोर उभा. “नीट घाल गं, फोटूत दिसत नाय.” ती पुढे वाकली. रोलरने आधी हार घेतला, मग हात. वाल्मिकच्या हातात मोबाइल तसाच राहिला. स्विच सोनुबाईने धावत जाऊन ओढला.

तेव्हा मशीन बंद झाली. रोलर पुसण्यापुरती. संध्याकाळी ती पुन्हा सुरू झाली आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटलेला पहिला कागद रद्दीत टाकला. ऋतिकाचा उजवा हात डॉक्टरांनी मनगटाच्या वर कापला.

चौकशी लागली. जुन्या संपातला तो करार अजून मोडलेला नव्हता, आणि त्यात ठेक्यातली माणसं वगळलेली नव्हती. मशीन हुकमाने चालू ठेवली होती असं ठरलं असतं, तर ऋतिकाला जन्मभर नोकरी. चूक तिची ठरली, तर घरचा रस्ता. बायका बोलणार नव्हत्या, सोनुबाईसुद्धा नाही. उद्याची ड्युटी त्यांच्या शेठच्या हातात. म्हणजे सगळं वाल्मिकच्या जिभेवर. जिजा त्याच्या दारात जाऊन बसली. “दादा, खरं हाय तेवढंच सांगा.”

“सांगतो गं. माजी पोरच ती,” वाल्मिक म्हणाला.

चौकशीला जिजाबरोबर मी गेलो. वाल्मिक पांढरा शर्ट घालून आला होता. तो म्हणाला, “मशीन बंद करायला मानूस गेलाच होता. मी तिला थांब म्हनलं. ड्रेस घालून ये म्हनलं, तर साडी नेसून आली. फोटूची हौस, सायेब. आजकालच्या पोरी.” हे तो जिजाकडे बघत म्हणाला. मान खाली घातली असती तरी मी त्याला थोडा माणूस समजलो असतो. मी ओरडलो की हा खोटं बोलतोय. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, “तुम्ही होता का तिथे?” मी नव्हतो.

चूक ऋतिकाची ठरली.

दिवाळीच्या आधी वाल्मिक जिजाच्या घरी आला. मी ओटीवर होतो. मला वाटलं, पाप पोळतंय, माफी मागायला आला. जिजाने चहा दिला. तो फुंकून प्यायला आणि म्हणाला, “जागा रिकामी हाय. बाहेरून लय पोरी मागतायत, पन मी म्हनलं घरची आधी. धाकटीला पाठव.”

“जिजा, तो कप त्याच्या थोबाडावर मार,” मी म्हणालो.

“मग आमाला तुमी पोसनार हाय का?” जिजाने मला विचारलं. रागाने नाही, खरोखर विचारलं. तिने आरोहीला बाहेर बोलावलं. “शेठच्या पाया पड गं.”

आरोही वाकली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं तिचं. वाल्मिकने तिच्या डोक्यावर हात ठेवला, सोमवारी ये म्हणाला आणि चपला घालून गेला.

ऋतिका इतका वेळ आत होती. ती दाराशी आली. मला वाटलं, आता ही तरी किंचाळेल. तिने बहिणीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “डाव्या अंगाला उभी ऱ्हा. तिथनं स्विच हाताला लागतो.”

सोमवारी आरोही कामावर गेली.