लेकीचं डोकं आणि माझी राईची उशी

आमच्या आळीत कुणाला दिवस गेले की बातमी आधी माझ्या दारात येते. "उशी शिवून ठेव हं!" मी अर्नाळ्यात शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते शिवते, पण नाव झालं ते राईच्या उशीने. वीतभर लांब उशी, आत धुऊन वाळवलेली राई आणि मधोमध टाके घालून केलेला खळगा. बाळाचं डोकं त्या खळग्यात ठेवलं की छान गोल होतं, असं माझी आई सांगायची, सासूबाई सांगायच्या आणि प्रत्येक उशीबरोबर मीही सांगायचे. किनाऱ्यावर एखादं गरगरीत डोक्याचं पोर खेळताना दिसलं की मी छाती फुगवून म्हणायचे, "हे डोकं माझ्या उशीचं!" जणू त्याच्या आईने नुसता हातभार लावला होता.

मग स्वतःच्या लेकीसाठी मी उशी कशी शिवली असेल! मऊ पिवळं सुती कापड, कडेला हिरवी पायपिंग. राई दोनदा चाळली. बारशाला आलेल्या बायका बाळाचं कौतुक करून झालं की उशीचं करायच्या, आणि मला दोन्हीचा सारखाच आनंद व्हायचा. आज हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

लेक तीन महिन्यांची झाली होती. एका सकाळी आंघोळीनंतर तिचं डोकं पुसताना माझ्या तळहाताला काहीतरी वेगळं लागलं. मागे, उजव्या बाजूला, सपाट. मी डावी बाजू चाचपली. गोल. पुन्हा उजवी. सपाट! वरून वाकून पाहिलं तर उजवा कानही जरासा पुढे आलेला. अख्ख्या आळीला उशा मी पुरवायच्या आणि चपटं डोकं माझ्याच पोरीचं!

सासूबाई बाजारात मासळी विकून आल्या. त्यांनी टोपली खाली ठेवायच्या आत मी बाळ त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन बोटं फिरवली आणि निकाल दिला, "राय कमी पडली, बाय. आनखी भर. आनि ही दुसरी बाजू फुगलीय ना, ती मी रोज तेल लावून दाबते. येतं बरोबर."

मी राई भरली. उशी घट्ट केली, खळगा आणखी खोल केला. आंघोळीच्या वेळी सासूबाई डावी बाजू दाबायच्या, पोर कळवळून रडायची आणि मी दाराआड उभी राहून ओठ चावायचे. आठ दिवस हे चाललं. सपाट बाजू होती तिथेच, तशीच.

आळीत तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. एकीने सांगितलं, रात्रभर पालथी झोपव. दुसरी म्हणाली, चपट्या डोक्याची मुलं अभ्यासात मागे पडतात. तिचा ब्लाऊज मी पुढचे पंधरा दिवस हातात घेतला नाही. विरारच्या नणंदेने फोनवर व्हिडिओ पाठवला. त्यात कुठलंसं गोरं बाळ डोक्याला हेल्मेट लावून हसत होतं. खाली तिचा निरोप, "वहिनी, याच्याशिवाय पर्याय नाही. उशीर झाला तर कवटी कडक होते." घरात हे म्हणाले, "बसायला लागली की आपोआप होईल, कशाला डोकं पिकवतेस?" मी सगळ्यांवर भडकत होते आणि सगळ्यांचं ऐकतही होते.

मग मला एक भन्नाट कल्पना सुचली. मी लेकीला नवी कुंची शिवली आणि आत उजव्या बाजूला कापसाची छोटी गादी घातली. कुंची चढवली आणि काय सांगू, डोकं एकदम गोल! मी भराभर फोटो काढले, नणंदेला पाठवले. अर्धा दिवस मी हवेत होते. दुपारी लेकीने मान हलवली, गादी सरकून कपाळावर आली आणि एक डोळाच झाकला गेला. सासूबाईंनी कुंची काढली, आतला कापूस बोटांनी दाबून पाहिला आणि आधी पोट धरून हसल्या. मग हसू थांबलं. "कोनाला फसवतेस, बाय?" त्या म्हणाल्या. "उद्या मी बाजारात नाय जात. डॉक्टरकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी बस आणि रिक्षा करत आम्ही माणिकपूरला पोचलो. मुलांची डॉक्टर माझ्याच वयाची बाई होती. तिने लेकीच्या डोक्यावरून सावकाश बोटं फिरवली, वरून पाहिलं, मागून पाहिलं, मग हळूच मान एकीकडे आणि दुसरीकडे वळवली. उजवीकडे मान सहज गेली. डावीकडे अर्ध्यातच अडकली आणि लेक कुरकुरली.

"कवटीचे सांधे मोकळे आहेत," डॉक्टर म्हणाली. "मेंदूला काही झालेलं नाही. एकाच बाजूवर टेकून टेकून डोकं बाहेरून सपाट झालंय. मान थोडी आखडलीय, म्हणून ती उजवीकडेच वळते. झोपवता कशी?"

मी पिशवीतून उशी काढली. हो, मी ती नेली होती! तिथेही मला वाटत होतं की ही बघेल आणि दोन शब्द बरे बोलेल. तिने उशी हातात घेतली, टाके निरखून पाहिले. "फार सुंदर शिवलीत," ती म्हणाली. "आता ही तिच्या डोक्याखाली पुन्हा ठेवू नका."

माझं डोकं सणकलं. "आमच्या अख्ख्या आळीतली पोरं याच उशीवर वाढलीत. सगळ्यांची डोकी गोल आहेत!"

"उशी नसती तरी झाली असती," ती शांतपणे म्हणाली. "खळग्यात डोकं बसलं की बाळाला ते वळवता येत नाही. उशीने तिला आहे त्याच बाजूला धरून ठेवलं. शिवाय झोपेत नाक-तोंड दबायची भीती असते, ते वेगळंच."

मला एकदम रडू आलं, रागाने की लाजेने ते कळलं नाही. पण कान टवकारलेलेच होते. डोकं दाबणं आजपासून बंद. झोपवायची उताणीच, सपाट बिछान्यावर, उशीशिवाय. पालथी ठेवायची ती जागी असताना, आणि कुणीतरी समोर बसलेलं हवं. मानेचे व्यायाम तिने करून दाखवले आणि माझ्याकडून करून घेतले. हेल्मेटचं विचारलं तर म्हणाली, ते सगळ्यांना लागत नाही, आधी एवढं मनापासून करा, महिन्याने बघून ठरवू. आणि आपोआप होईल म्हणून सोडूनही द्यायचं नाही! मी मनातल्या मनात घरच्या माणसाला चिमटा काढला.

आम्ही उठलो तेव्हा तिने सहज विचारलं, "पाळण्यात असली की तिला उजवीकडे काय दिसतं?"

मी आठवायला लागले. सासूबाईंना आठवावं लागलं नाही. "हिचं मशीन," त्या म्हणाल्या. "आनि मशीनवर ही."

मी पुन्हा खुर्चीत बसले. खिडकीशी माझं पायाचं मशीन, शेजारी पाळणा, हे सगळं मीच मांडलं होतं, काम करता करता पोरीवर लक्ष राहावं म्हणून. मी दिवसभर मान खाली घालून टाके घालत होते आणि माझी पोर दिवसभर माझ्याकडे बघत होती. आणि मी तिचं डोकं राईत रुतवून तिला तशीच धरून ठेवली होती.

घरी येताच मी पाळण्यातला बिछाना उलटा घालायला घेतला. डोकं पायथ्याला केलं की मशीन आपोआप डावीकडे येणार, किती सोपं! पण सासूबाईंनी माझा हात धरला. पाळण्यात लेकीचं डोकं दक्षिणेला होतं, उलटं केलं तर उत्तरेला जाणार. "उत्तरेला डोकं मेलेल्याचं," त्या म्हणाल्या. "राय सोडली, दाबायचं सोडलं, तू सांगशील ते सोडते. हे नाय."

मग मशीनच हलवायचं ठरलं! लोखंडाचं धूड ते. हे एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि सासूबाई मधून "सावकाश, सावकाश" ओरडत, असं ते आम्ही खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. तिथे उजेडाच्या नावाने बोंब. पहिल्याच दिवशी मी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

तरीही मी खुशीत होते, कारण आता करायला काहीतरी होतं. सकाळी मानेचे व्यायाम. दिवसातून चार-पाच वेळा गोधडीवर पालथी, समोर मी आडवी पडलेली, आमची नाकं समोरासमोर. पहिल्या दिवशी ती क्षणभरात रडली. आठवड्याने हातांवर उचलून माझ्याकडे टुकुटुकु बघायला लागली. पण पाळण्यात मात्र बया उजवीकडेच! तिकडे आता नुसती रिकामी खिडकी होती, तरी बघायची. मी डावीकडून टाळ्या वाजवायचे, हाका मारायचे, बांगड्या वाजवायचे. फार तर डोळे कोपऱ्यापर्यंत यायचे, मान नाही. महिना संपत आला आणि मला नणंदेच्या व्हिडिओतलं ते हेल्मेट दिसायला लागलं.

त्यातच शेजारीण आली. तिला सातवा महिना होता आणि उशीसाठी तिने मोराच्या नक्षीचं कापड आणलं होतं. मी कापड हातात घेतलं. नाव माझं, उशी माझी, आता काय सांगायचं? मग लेकीला कडेवर घेतलं, तिची कुंची काढली आणि सपाट बाजूवर शेजारणीचा हात ठेवला. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग या कापडाचं काय करू?" त्याची मी तिला छोटी गोधडी शिवून दिली, बाळाला जागेपणी पालथं टाकायला. तेव्हापासून मी उशी शिवलेली नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरने मान दोन्हीकडे वळवली, डोकं निरखलं आणि म्हणाली, हेल्मेट नको, हेच चालू ठेवा. आज ते डोकं अगदी चेंडूसारखं नाही. मागून नीट बघितलं तर मला अजून कळतं. पण हे सगळं नंतरचं, आणि मला तर त्या भेटीच्या आदल्या दुपारचं सांगायचंय.

त्या दुपारी मी हाका मारणं सोडून दिलं होतं. थकले होते, चिडलेही होते. अंधाऱ्या कोपऱ्यात मान खाली घालून मशीन चालवत होते. सासूबाई मागच्या दारी बोंबील साफ करत होत्या. दोरा तुटला. मशीन थांबवून, कापड बाजूला काढून मी सुईत दोरा ओवायला वाकले, तेव्हा वाटलं, कुणीतरी बघतंय.

मी वर पाहिलं. लेकीची मान पूर्ण डावीकडे वळलेली होती, हनुवटी खांद्याला लागलेली, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती!

मी अशी किंचाळले की सासूबाई माशांच्या हातांनीच धावत आल्या. "काय झालं गो?" मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि दारातच थबकल्या. इतक्यात लेकीची मान परत फिरायला लागली.

"मशीन!" सासूबाई ओरडल्या. "मशीन चालव, बाय! आवाज ऐकून बघतेय ती!"

मी पाय मारला. मशीन खडखडलं. मान थांबली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. सासूबाई ओले हात हवेत धरून रडत होत्या, हसत होत्या, "चालव, चालव" म्हणत होत्या. मी चालवत राहिले, आणि या वेळी मान खाली न घालता तिच्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्या दुपारी माझ्या हातून एक टाकाही पडला नाही.