ओल्या रुमालातल्या बारा बिया

इस्त्रीवाल्या काकूंनी आजवर कुणाचा सदरा जाळला नव्हता. पण या बारा बियांनी त्यांचा जीव टांगणीला लावला होता. त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची, जाड सालीची मिरची यंदा रोगाने मुळासकट गेली. उरल्या त्या सगळ्या बिया तिने धाकटीच्या हाती दिल्या. दुकानात इस्त्रीची ऊब आहे, मिरचीला तीच लागते, एवढंच म्हणाली.

काकूंनी बिया ओल्या रुमालात घडी करून टेबलावरच्या फळीवर ठेवल्या. सोबतीला एका डबीत टोमॅटोच्या. टोमॅटोला सहाव्या दिवशी कोंब फुटले, मिरची ढिम्म. दहा दिवस झाले, बारा झाले. काकू तासातासाला रुमाल उघडून बघत. असं सारखं पांघरूण काढलं तर कोण वाढेल, असं सोबत इस्त्री करणारा नवरा म्हणे. ताईचा रोज फोन यायचा आणि काकू रोज सांगायच्या, फुगल्यात, आजउद्या येतील.

चौदाव्या दिवशी त्या रुमाल उघडून बघत असताना गिऱ्हाईक आलं. गडबडीत रुमाल पाणी शिंपडून ठेवलेल्या कपड्यांवरच राहिला. नवऱ्याच्या हाताला सवय, ओली घडी दिसली की इस्त्री फिरवायची. चर्र झालं, बारीक तडतड ऐकू आली आणि त्याने इस्त्री उचलली.

आठ बिया गेल्या. खालच्या घडीतल्या चार तेवढ्या वाचल्या. नवऱ्याने भर गर्दीच्या वेळी इस्त्रीचा प्लग काढून ठेवला. काकूंनी जळालेल्या बिया वेचून काढल्या. रुमाल तिथे कुणी ठेवला, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनीच ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, फुगल्याची थापसुद्धा.

"उरलेल्या बघितल्यास?" ताईने विचारलं.

"धीर होत नाही."

"मग नकोच बघू. तुझ्या बघण्यानेच दमल्या असतील त्या."

तीन दिवस काकूंनी हात आवरला. घास गोड लागेना, घड्या चुकू लागल्या. चौथ्या दिवशी रुमाल उघडला. एका बीला तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक आलं होतं. बाकीच्या तिघी अजून गप्पच. काकूंनी कुंडीत बोटाने खळगा केला आणि बी अलगद उचलली. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"माझ्या हातात देतेस?" तो जागचा हलेना.

"कॉलरची टोकं तुम्हीच बसवता ना," काकू म्हणाल्या. "हेही बसवा."